परक्या तबेल्यातला घोडा

२०२०च्या मार्च महिन्यात सारा देश घरात बसला, तेव्हा आपल्या खेड्यांतील गोठ्यांचा दिनक्रम मोडला नाही. बाजार बंद झाला, पेंड महागली, दूध घालायला जाताना वाटेत पोलिसांनी हटकले, हे सारे झाले. पण गाय दाराशी होती आणि म्हैस परसात होती. घरात राहा, असा हुकूम सुटला तरी जनावर आणि माणूस एकाच अंगणात असल्यामुळे दावणीला वैरण कोण टाकणार, हा प्रश्न आपणांस पडला नाही. तो ज्यांना पडला त्यांच्याविषयी आज दोन शब्द लिहावयाचे आहेत. त्यांचे जनावर म्हणजे घोडा, आणि तो घोडा त्यांच्या घरापासून मैलोगणती दूर, दुसऱ्याच्या तबेल्यात बांधलेला होता.

त्या टाळेबंदीला आता काही वर्षे लोटली. तरीही ही हकीकत जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. घरातले माणूस मोठ्या इस्पितळात न्यावे लागते, नदीला पूर येतो, मुलाकडे परमुलखी जाणे होते. अशा वेळी आपणही बैलजोडी शेजाऱ्याच्या स्वाधीन करतो व निघतो. तेव्हा निरोप काय द्यावा, आणि मागे राहिलेल्याने काय करावे, हे त्या वर्षी घोडेवाल्यांना अडचणीत शिकावे लागले.

प्रथम इंग्लंडातील रीत सांगतो. तेथे घोडा बाळगणारा प्रत्येक मनुष्य जमीनदार असतो, असे नाही. शाळेतील शिक्षिका, इस्पितळातील परिचारिका, बँकेतील कारकून, निवृत्तिवेतनावर राहणारा गृहस्थ हेही हौसेने घोडा पाळतात. परंतु शहरातल्या घरामागे घोड्यापुरती जागा कोठून असणार? म्हणून ते आपला घोडा गावाबाहेरच्या एखाद्या शेतकऱ्याकडे महिन्याच्या भाड्याने ठेवतात. अशा तबेल्यास तिकडे लिव्हरी यार्ड म्हणतात. लिव्हरी हा शब्द मूळचा फ्रेंच. हाती सोपवलेले, असा त्याचा अर्थ, आणि जुन्या काळी घोड्याला मोजून दिल्या जाणाऱ्या शिध्यास तो लावीत. आपल्या पागांत ज्याला चंदी म्हणत तेच हे.

ह्या तबेल्यांत पैशाप्रमाणे प्रकार आहेत. पूर्ण पैसे भरणाऱ्याच्या घोड्याचे सारे काही तबेलेवाला पाहतो. काहींच्या बाबतीत कामे वाटून घेतलेली असतात. सर्वांत स्वस्त प्रकारात तबेलेवाला केवळ खण, कुरण आणि पाण्याचा नळ देतो. लीद काढणे, चारा घालणे, पाणी भरणे, खरारा करणे ही सारी कामे मालकाने स्वतः येऊन करावयाची, आणि तीही सकाळ-संध्याकाळ. साहजिकच ज्याच्या खिशात पैसा कमी त्याचा घोडा ह्या प्रकारात. टाळेबंदीचा खरा पेच पडला तो ह्यांना.

ब्रिटनमध्ये २३ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर झाली आणि इंग्लंडसाठी तिचे नियम २६ मार्चला अमलात आले. घराबाहेर पडण्यास योग्य कारण हवे, असा दंडक होता आणि नियमांत अशा कारणांची यादी दिली होती. त्या यादीत प्राण्यांचा उल्लेख होता, पण तो घरातील प्राण्यांसाठी अन्न व औषध आणण्यापुरता. आता पाहा, घोडा हा कुटुंबातला खरा, पण घरातला नव्हे! कुत्र्यासाठी बिस्किटे आणायला जाणारा निर्धास्त, आणि पाच मैलांवरच्या घोड्याला पाणी पाजायला निघालेला मात्र मनात चाचरत. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर असते. घराबाहेर ठेवलेला जीव त्याच्या नजरेतून सुटतो. अर्थात ती यादी परिपूर्ण नव्हती, तिच्याबाहेरची योग्य कारणेही चालण्यासारखी होती, आणि घोड्याच्या निगेसाठी तबेल्यात जाण्यास हरकत नाही, हे शासनाच्या सूचनांतून लवकरच स्पष्ट झाले.

किंबहुना न जाणे हाच तेथे गुन्हा ठरला असता. इंग्लंड व वेल्स ह्यांना लागू असलेल्या २००६च्या प्राणिकल्याण कायद्याने जनावराची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला बांधून घेतले आहे. योग्य जागा, योग्य खाद्य, स्वभावानुसार वागण्याची मोकळीक, सोबत किंवा एकांत जे त्या प्राण्याला मानवेल ते, आणि वेदना, इजा व रोग ह्यांपासून संरक्षण, इतके त्याला पुरवावेच लागते. ह्या कायद्यातील एक गोष्ट मला विशेष शहाणपणाची वाटते. जबाबदारी कायमची असो वा तात्पुरती, ती जबाबदारीच, असे त्यात म्हटले आहे. मालक येऊ शकत नाही म्हणून तो सुटत नाही. आणि मी तर नुसता जागा भाड्याने दिलेला मनुष्य, असे म्हणून तबेलेवाल्यालाही हात झटकता येत नाहीत.

मग तबेल्यातबेल्यांतून व्यवस्था सुरू झाली. कोणी वेळा वाटून दिल्या: अमक्याने सकाळी सातला यावे, तमक्याने नऊला, दोघांची गाठ पडू नये. कोणी मालकांना फाटकाशीच थांबवले आणि सारे घोडे स्वतःच सांभाळले. फाटकाचा अडसर, नळाची तोटी, लिदेची हातगाडी आणि फावडे ह्यांना वीस जणांचे हात लागतात, म्हणून ती वरचेवर पुसणे आले. लगाम व खोगीर एकमेकांचे वापरणे बंद झाले. घोड्यापासून माणसाला हा रोग होतो, असे कोठे आढळले नव्हते; भय होते ते एका माणसाचा हात लागलेल्या दोराला दुसऱ्याचा हात लागण्याचे. म्हणून येताना व जाताना साबणाने हात धुणे हाच मुख्य उपाय. घोड्याच्या अंगावर जंतुनाशक फवारणे हा मात्र निव्वळ अविचार. त्याची कातडी पोळते, आणि चामडी सामानाची दशा होते ती निराळीच.

ब्रिटिश हॉर्स सोसायटी ही तेथील १९४७ साली स्थापन झालेली संस्था. तिने तबेलेवाले आणि मालक ह्या दोघांसाठीही मार्गदर्शन काढले. स्वारीचाही प्रश्न होता. कायद्याने ती सरसकट बंद नव्हती. पण घोड्यावरून पडून हाड मोडले तर आधीच भरलेल्या इस्पितळावर आणखी एक भार, म्हणून पुष्कळांनी रिकिबीत पाय घालणे आपण होऊन थांबवले.

परंतु वेळा वाटून देण्याने ज्यांचे भागले नाही असेही लोक होते. गंभीर दुखणे असलेल्यांना बारा आठवडे उंबरठाच ओलांडू नका, असे सांगण्यात आले होते. एखाद्या बाईने वीस वर्षे ज्या घोड्याला रोज हाताने चारा घातला, त्याची निगा आता एका शेजारणीवर किंवा तबेल्यातल्या पोरावर सोपवावयाची, आणि तीही दूरध्वनीवरून. अशा वेळी जाणत्यांनी एकच सल्ला दिला: सारे काही कागदावर लिहा आणि तो कागद तबेल्याच्या दाराला लावा.

ह्या कागदाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण तो कधीच लिहीत नाही. "वैरण टाक, पाणी दाखव, मी येतोच," एवढे बोलून आपण एस्टीत बसतो. पण टाक म्हणजे किती? आपण ज्याला एक पेंढी म्हणतो ती दुसऱ्याच्या हाताने दीड होते. म्हणून चारा वजनाने लिहावा, घमेल्याने किंवा पेंढीने नव्हे; आणि एकदा तराजूवर घालून खात्री करावी. घोडा रोज किती पाणी पितो ते लिहावे, म्हणजे कमी पिऊ लागला तर दुसऱ्याला कळेल. घोडा शांत असता त्याचा श्वास मिनिटाला साधारण ८ ते १६ असतो आणि नाडी २८ ते ४४. आपल्या घोड्याची नेहमीची किती, ते लिहावे. कोणते औषध चालू आहे, कशाची धास्ती घेतो, कोणत्या घोड्याशेजारी बांधला तर लाथा झाडतो, मागच्या पायाला हात लावू देतो की नाही, हे सारे लिहावे. मालकाला ह्या गोष्टी अंगवळणी पडलेल्या असतात, म्हणून त्या सांगावयाच्या असतात हेच त्याच्या ध्यानात येत नाही.

आणि एक ओळ अशी असते की जी लिहिताना हात थांबतो. घोड्याला पोटशूळ झाला, आतडे पिळले गेले, शस्त्रक्रियेवाचून तो वाचत नाही आणि मालकाशी संपर्क होत नाही, तर पुढे काय? शस्त्रक्रियेला न्यावे की वेदनेतून सोडवावे? खर्च कोठपर्यंत करावा? हे कोणी ठरवावे? तिकडच्या तबेल्यांत मालकाकडून हे आगाऊ लिहून घेतात. मला आरंभी ते निष्ठुर वाटले. नंतर विचार केला तेव्हा उलट वाटू लागले. मध्यरात्री घोडा जमिनीवर लोळतो आहे, पशुवैद्य सुई भरून उभा आहे, आणि ज्या पोराचा तो घोडाही नाही त्याने निर्णय घ्यावयाचा, हे अधिक निष्ठुर. आपले ओझे आपणच कागदावर उतरवून ठेवलेले बरे.

आता घोड्याच्या शरीराकडे वळू, कारण ते समजले नाही तर प्रेमळ मनुष्यही त्याला मारून बसतो. गायीचे पोट आणि घोड्याचे पोट ह्यांत मोठा भेद आहे. गाय चारा एकदम खाऊन घेते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, आणि त्यात आम्ल सारखे पाझरत असते, तोंडात घास असो वा नसो. म्हणून त्याला दिवसभर थोडेथोडे चघळायला लागते. पुष्कळ वेळ रिकामा राहिला की जठराला व्रण पडतात. शिवाय घोड्याला ओकारी होत नाही. जे एकदा आत गेले ते पुढेच जावयाचे. त्याचा चारा पचतो तो मोठ्या आतड्यात, तेथील सूक्ष्म जीवांच्या साह्याने. आणि खाद्यात अचानक बदल केला की त्या जीवांचा समतोल बिघडून पोटशूळ उठतो. कोरड्या वजनाने मोजलेला चारा देहाच्या वजनाच्या शेकडा दीड ते दोन इतका रोज हवा, आणि शेकडा दीडच्या खाली एरवी जाऊ नये. पाणी पाचशे किलोच्या घोड्याला रोज २५ लिटर तरी, उन्हाळ्यात त्याहून कितीतरी अधिक.

माझ्या लहानपणी आमच्या स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. त्यांतील एका म्हाताऱ्या टांगेवाल्याला आम्ही मुले मामा म्हणत असू. सुट्टीच्या दिवशी टांगा सोडलेला असला की तो घोड्याच्या तोबऱ्यात हरभरे निम्म्याहून कमी घाली. मला घोड्याची दया आली आणि मी विचारले, "मामा, आज त्याला उपाशी का ठेवता?" मामा म्हणाला, "उपाशी कुठं, गवत हाय की त्याच्या पुढ्यात. उभ्या घोड्याला पळत्या घोड्याची चंदी घातली, तर उद्या त्यो स्टेशनापर्यंतसुदिक येणार नाही." मला ते कंजूषपणाचे वाटले. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आले की युरोपातील गाडीवानांना हाच अनुभव होता आणि त्या दुखण्याला त्यांनी सोमवार सकाळचा आजार असे नावच दिले होते. आठवडाभर ओझे ओढणारा घोडा रविवारी तबेल्यात उभा राही आणि धान्य मात्र रोजच्याइतकेच खाई. सोमवारी जुंपला की थोड्या अंतरावर त्याच्या पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे ताठ होत, घाम फुटे, मूत्र कॉफीच्या रंगाचे येई, आणि काही घोडे तेथेच खाली बसत. रविवारची विश्रांती जनावरालाही आहे, हे आपण जाणतो. पण तिच्याबरोबर चंदीही कमी करावी लागते, हे मामाला ठाऊक होते.

इंग्लंडात २०२०च्या वसंतात नेमके हेच संकट मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. स्वारी बंद, घोडे कुरणात मोकळे, आणि गवत कोवळे व साखरेने भरलेले. त्यात तो वसंत ब्रिटनमधील १९२९पासूनच्या तोपर्यंतच्या नोंदींत सर्वांत अधिक सूर्यप्रकाशाचा ठरला. लख्ख ऊन पडले पण रात्र गारठ्याची असली की गवतात तयार झालेली साखर वाढीसाठी खर्च होत नाही, पात्यातच साठून राहते. असे गवत पोटभर खाणाऱ्या लठ्ठ घोड्याला लॅमिनायटिस होतो. खुराचे कवच आणि आतले हाड ह्यांना जोडणारे नाजूक पदर असतात. त्यांचा दाह होतो आणि ते सुटू लागतात. मग हाड आतल्या आत फिरते किंवा खाली खचते. घोडा पुढचे पाय लांब टाकून सारा भार मागे घेऊन उभा राहतो, खुराला हात लावला तर गरम लागते. अंगाने गुटगुटीत दिसणारा, चकचकीत कांतीचा घोडा आणि त्याला पाऊल उचलवत नाही. लहान चणीच्या तट्टांना ह्याचा धोका सर्वांत अधिक, कारण ती मूळची रूक्ष मुलखातली, थोडक्यावर जगणारी.

म्हणून जाणत्या मालकांनी दुरून निरोप धाडले: धान्य एकदम नव्हे, पण दोन आठवड्यांत उतरवत आणून बंद करा, कुरणाला दोर लावून रोज एक पट्टाच मोकळा करा, फार अधाशी असेल त्याच्या तोंडाला जाळीची मुसकी बांधा. आपण मळणीच्या बैलाला मुसके घालतो तसेच हे, फक्त त्यातून थोडे गवत आत जाते. शिकारीचा हंगाम संपला की घोड्याला असे हळूहळू कामातून उतरवून कुरणात सोडण्याची तेथे फार जुनी चाल आहे. टाळेबंदीत तीच कामी आली.

नालांचेही असेच. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच्या आतबाहेर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यावाच लागतो. नालबंद येणार की नाही, ह्याची शाश्वती नसताना पुष्कळांनी मिळेल त्या फेरीत नाल काढवून घेतले, निदान मागच्या पायांचे. म्हणजे कुरणात घोड्यांचे भांडण झाले तरी लाथेने हाड मोडण्याची भीती कमी. दुखरे खूर आधी आणि साधी छाटणी मागाहून, असा क्रम नालबंदांनी लावला. पशुवैद्यांनीही काही काळ निकडीची कामेच घेतली.

इतका वेळ अतितृप्तीची भीती सांगितली. पण ह्याच महिन्यांत सह्याद्रीच्या एका डोंगरावर घोडे नेमक्या उलट्या संकटात होते. माथेरान आपल्यापैकी कित्येकांनी सहलीत पाहिले असेल. रायगड जिल्ह्यातील सुमारे आठशे मीटर उंचीचे हे ठिकाण. दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. त्या वर्षी तेथे माणसाला आणि सामानाला नेणारी साधने म्हणजे घोडा, हातरिक्षा, हमालाचे डोके आणि नाक्याजवळच्या अमन लॉजपासून गावापर्यंत धावणारी लहान रेल्वे. नेरळहून वर येणारी गाडी २०१९च्या पावसाने मार्ग खचल्यापासून बंदच होती. परवाना असलेले सुमारे ४६० घोडे तेथे होते. काही घोडेवाल्यांची घरे पायथ्याच्या गावांत, आणि घोडा मात्र डोंगरावरच्या तबेल्यात.

२५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि पर्यटक नाहीसे झाले. घोड्याची चंदी ही रोजच्या फेऱ्यांच्या कमाईतून येते. आज चार गिऱ्हाइके मिळाली तर आज कोंडा आणि हरभरे. उन्हाळ्याच्या सुट्टीचा हंगाम, ज्याच्या जोरावर पावसाळा काढावयाचा, तोच हातचा गेला. जनावरांच्या वैरणीच्या दुकानांना २४ मार्चच्या केंद्रीय आदेशातच सूट होती. पण दुकान उघडे असून काय उपयोग, हातात पैसा नाही? आणि एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावर गवत असे कितीसे असते? चारा खालूनच वर आणावा लागतो. काही प्राणिमित्रांनी व दात्यांनी वर चारा पोचवला. ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि मागोमाग पावसाळा उभा. पावसात जनावर चिखलात उभे राहिले की खुराच्या तळव्यातील खाचा कुजतात, काळा घाण वास येणारा पू येतो. उपाय साधा, खूर रोज खरवडून कोरडा करणे. पण त्यासाठी माणूस घोड्यापाशी हवा.

इंग्लंडातील बाई मुसकी बांधा म्हणून निरोप धाडते, आणि माथेरानचा घोडेवाला पेंढी मोजून दोन दिवस पुरवतो. दोघांनाही एकच गणित सोडवावयाचे होते. काम थांबले, पण घोड्याच्या शरीराला ते कळत नाही. तेव्हा काय थांबवावे आणि काय चालू ठेवावे? उत्तर असे की धान्य थांबवावे, गवत चालू ठेवावे, आणि चालणे कधीही थांबवू नये. पैसा थोडा असेल तर तो हरभऱ्यावर घालू नये, सुक्या गवतावर किंवा कडब्यावर घालावा. मदत करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. धान्याचे पोते ट्रकमध्ये रचायला सोपे आणि गवत जागा फार खाते, म्हणून दात्याचा हात पोत्याकडे जातो.

किती लागेल, हे काढण्यास घोड्याचे वजन ठाऊक हवे, आणि डोंगरावर काटा कोठला? त्यासाठी एक सोपी रीत आहे. ती कापून ठेवावी. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे सेंटिमीटरमध्ये मोजावा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, मग लांबीने गुणावे आणि ११,९०० ने भागावे. उत्तर किलोत येते. घेर १५० आणि लांबी १३० असेल तर तट्टाचे वजन सुमारे २४६ किलो, आणि त्याला दिवसाला जवळजवळ पाच किलो सुके गवत. दर पंधरवड्याला तीच दोरी पुन्हा लावली की घोडा उतरतो आहे की फुगतो आहे, हे डोळ्याला कळण्याआधी दोरीला कळते.

आणि घोडा खरोखरच उपासाने हाडाला लागला असेल तर? येथे दयाळू मनुष्याच्या हातून मोठी चूक होते. तो परातभर भिजवलेले हरभरे पुढ्यात ठेवतो. उपाशी देहात धान्याची साखर एकदम गेली की रक्तातील क्षारांचा तोल ढळतो आणि अन्न मिळाल्यावर तीन-चार दिवसांनी घोडा मरतो. लोक म्हणतात, नशीब त्याचे! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी उपासमार झालेल्या घोड्यांवर अभ्यास करून दाखवले की लसूणघास थोडाथोडा देणे सर्वांत हितकर. आरंभीचे दिवस अर्धा-अर्धा किलो, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. मग हळूहळू मात्रा वाढवत दहा दिवसांत तो पोटभर खाऊ लागेल असे करावे. रात्री उठण्यास माणूस हवा, हे खरे.

त्या वर्षी मार्च ते मे ह्या लग्नसराईत वरातीही निघाल्या नाहीत, आणि नवरदेवाला मिरवणाऱ्या घोड्या गावोगाव दावणीला उभ्या राहिल्या. त्यांच्या मालकांची गणती ना शेतकऱ्यांत, ना दुकानदारांत. म्हणून त्यांचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

टाळेबंदी उठली तेव्हा घाई करणे हा शेवटचा धोका होता. इंग्लंडात १३ मे २०२० पासून बाहेर पडण्यावरील निर्बंध सैल झाले आणि पुष्कळांच्या मनात आले की आता एकदा मनसोक्त दौड मारावी. पण दोन महिने कुरणात राहिलेल्या घोड्याचे स्नायू आणि कंडरा सैलावलेले असतात. त्याला पूर्ववत कामाला यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पहिले दोन आठवडे नुसते चालणे, आरंभी वीस-तीस मिनिटे. शिवाय घोड्याची पाठ बदललेली असते. लठ्ठ झाला असेल तर जुने खोगीर वर तरंगते, वाळला असेल तर कण्यावर टेकते. दोन्ही प्रकारे एका दिवसात जखम होते. म्हणून खोगीर घालण्याआधी त्याखाली हात सरकवून पाहावे. माथेरानसारख्या ठिकाणी, जेथे महिनोन् महिन्यांची कमाई बुडाली आहे आणि पहिले गिऱ्हाईक समोर उभे आहे, तेथे हे ऐकणे किती कठीण, हे मी जाणतो.

आमचे टांगेवाले मामा एकदा तापाने महिनाभर अंथरुणाला खिळले होते. घोडा त्यांच्या मेहुण्याच्या गोठ्यात होता. बरे होऊन ते पहिल्या दिवशी स्टेशनाकडे आले ते टांगा न जुंपता, घोड्याला हाती धरून पायी. गिऱ्हाइकांनी हाका मारल्या. मामा हात हलवून पुढे गेले, नळावर घोड्याला पाणी दाखवले आणि तसेच चालत परत फिरले. टांगा आला तो पुढच्या आठवड्यात, आणि त्या दिवशी त्यांनी दोनच सवाऱ्या घेतल्या.